पाटी आणि गाडी: व्यवसायाचा फलक वाचला जाईल असा कसा करावा

नवी पाटी करायची ठरली की पहिला वाद रंगावर होतो. मग लोगो मोठा की नाव मोठं यावर होतो. मग बोर्डवाल्याला फोन जातो, तो मोबाइलवर डिझाइन पाठवतो, तळहाताएवढ्या स्क्रीनवर ते झकास दिसतं आणि काम सुरू होतं. पाटी भिंतीवर चढल्यावर कोणीतरी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभं राहतं, तेव्हा कळतं की फोन नंबर तिथून दिसतच नाही.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. ही पाटी वाचणार कोण, किती लांबून, आणि त्याच्याकडे वेळ किती असेल? रंग, अक्षरांची जाडी, व्हिनाइलचा (चिकटवायच्या प्लास्टिक फिल्मचा) प्रकार, गाडीच्या कोणत्या बाजूला काय लिहायचं, हे सगळं या एकाच प्रश्नाच्या उत्तरातून सुटत जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: आधी रस्त्यावर उभे राहा

डिझायनरला बोलावण्याआधी एक टेप, एक वही आणि मोबाइल घेऊन बाहेर पडा. गिऱ्हाईक ज्या ज्या दिशांनी येतं त्या प्रत्येक दिशेने जागेकडे चालत या. पाटीची जागा पहिल्यांदा कुठून दिसते, मध्ये झाड, विजेचा खांब, शेजाऱ्याची छत्री किंवा उभ्या गाड्या कुठे आड येतात, ते लिहून ठेवा. फोटो काढा, पण ते फक्त आडोसे लक्षात राहावेत म्हणून. मोबाइलची रुंद लेन्स सगळं आहे त्यापेक्षा लांब दाखवते, त्यामुळे फोटो बघून अक्षरं वाचता येतील की नाही ते ठरवू नका. ते काम डोळ्यांनीच करायचं.

आता वेग. पायी चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर पुढे जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समजा पाटी ६० मीटरवरून वाचता येते. शेवटच्या २० मीटरमध्ये ती चालकाच्या नजरेच्या कडेला जाते, म्हणजे ते अंतर सोडून द्या. उरले ४० मीटर, म्हणजे तीन सेकंदांपेक्षाही कमी. त्यातला बराचसा वेळ त्याचं लक्ष रस्त्यावर असतं, आणि असायलाच हवं. तुमच्या वाट्याला येतो सेकंद-दीड सेकंद. एवढ्यात चार-पाच शब्द वाचून होतात, दहा नाही.

तिसरी गोष्ट कोन, आणि तिचा विचार सहसा होतच नाही. भिंतीला सपाट लावलेली पाटी समोरून छान दिसते, पण रस्त्याने येणारा माणूस तिला समोरून बघतच नाही, तिरकी बघतो. सरळ समोरच्या रेषेपासून ६० अंश बाजूला उभं राहून पाहिलं तर अक्षरांची रुंदी डोळ्यांना निम्मीच दिसते. आधीच चिकटून बसवलेली अक्षरं तिथून एकमेकांत मिसळतात. जिथे बहुतेक येणं-जाणं रस्त्याच्या कडेने आहे, तिथे भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी छोटी पाटी सपाट मोठ्या बोर्डापेक्षा जास्त काम करते. माझं मत विचाराल तर जागा आणि परवानगी दोन्ही असतील तेव्हा दोन्ही प्रकार लावा: बाहेर आलेली पाटी लांबच्याला थांबवायला, आणि सपाट बोर्ड पोचलेल्याला खात्री द्यायला.

पायरी २: अक्षराची उंची

दृष्टी तपासण्याच्या तक्त्यात ६ मीटरवरून निरोगी डोळ्याला जे अक्षर जेमतेम ओळखता यावं अशी अपेक्षा असते, त्याची उंची साधारण ८.८ मिलिमीटर असते. म्हणजे अंतराच्या सुमारे ६८० व्या भागाएवढी. पण ही परीक्षेची स्थिती झाली: चांगला उजेड, स्थिर माणूस, एकटं अक्षर आणि सगळं लक्ष त्यावरच. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

धंद्यातला जुना हिशोब सोपा आहे: दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे ३० फुटांवरून नीट वाचायचं तर ३ इंच, १०० फुटांवरून १० इंच. या मापाचं अक्षर सहज, न थांबता वाचलं जातं. त्याच्या अडीच-तीनपट अंतरावरूनही ते ओळखता येतं, पण त्यासाठी माणसाने मुद्दाम थांबून बघायला हवं. अनोळखी माणूस तुमच्यासाठी डोळे बारीक करून बघेल, असं गृहीत धरू नका.

हा हिशोब रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत त्याच उंचीत जास्त गर्दी असते, म्हणून मी पाव भाग वाढवून धरतो. उंची मोजताना वेलांट्या, मात्रा आणि उकार धरायचे नाहीत, शिरोरेषेपासून अक्षराच्या खालच्या टोकापर्यंतच मोजायची. बोर्डवाला ‘सहा इंची अक्षर’ म्हणतो तेव्हा तो वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत मोजतोय का, ते विचारून घ्या. तसं असेल तर मूळ अक्षर चार इंचांच्या आसपासच उरतं.

देवनागरीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फार जाड फॉन्टमध्ये ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या आतली पोकळी भरून जाते आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा फॉन्ट निवडा. आणि दोन ओळींमध्ये इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. हस्ताक्षरासारखे वळणदार फॉन्ट निमंत्रणपत्रिकेसाठी ठेवा.

खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. व्यवसायाचं नाव खऱ्या मापात साध्या कागदांवर, तुकड्या-तुकड्यांत छापा, जागेवर चिकटवा आणि लांब जाऊन बघा. मग ज्याला ते नाव माहीत नाही अशा कोणाला तरी तिथे उभं करून वाचायला सांगा. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आपल्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे न दिसलेली अक्षरंही आपण वाचून टाकतो.

पायरी ३: मजकूर कापा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, कारण इथे मालकाचं मन दुखतं.

समजा नळदुरुस्ती आणि गळती काढण्याचं काम करणाऱ्या एखाद्याने बोर्डासाठी मजकूर दिला. त्यात नाव, लोगो, मालकाचं नाव, स्थापनेचं साल, अकरा सेवांची यादी, दोन मोबाइल, ईमेल, वेबसाइट, पूर्ण पत्ता, क्यूआर कोड आणि ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ हे सगळं आहे. आता एकेक ओळ घ्या आणि विचारा, ही नसेल तर गिऱ्हाईक परत जाईल का?

दुकानाच्या दारावरच्या पाटीवर दुकानाचाच पत्ता कशाला? जो वाचतोय तो तिथेच उभा आहे. गेला. अकरा सेवा म्हणजे शेवटी ‘नळ आणि गळती दुरुस्ती’. दोन मोबाइलपैकी जो हमखास उचलला जातो तो ठेवा. ईमेल रस्त्यावरून कोणी लिहून घेत नाही. वेबसाइट छोटी आणि नावासारखीच असेल तर राहू द्या, नाहीतर काढा. समाधानाचं ध्येय शेजारच्या सगळ्या पाट्यांवर आधीच आहे. उरलं काय? नाव, काम आणि एक नंबर. हीच ती पाटी.

आता यातलं मोठं काय? नावावरून धंदा कळत असेल तर नाव मोठं. नावात फक्त ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘असोसिएट्स’ असेल, तर कामाची ओळ नावापेक्षा मोठी हवी. जुने, नावाजलेले व्यवसायच नुसत्या नावावर किंवा नुसत्या चिन्हावर चालतात. नव्या व्यवसायाने त्यांची नक्कल केली तर लोक देखण्या पाटीसमोरून काहीही न कळता निघून जातात.

क्यूआर कोडबद्दल एवढंच: हा कोड १९९४ मध्ये डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी बनवला. तो थांबून, जवळून वाचायची वस्तू आहे. साधारण हिशोब असा की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो स्कॅन होतो. १० सेंटिमीटरचा कोड असेल तर मीटरभरावरून. दारावर किंवा काउंटरवर, डोळ्यांच्या उंचीला लावा, भोवती कोडमधल्या चार बारीक चौकटींएवढी पांढरी जागा सोडा. वर चढवलेल्या बोर्डावर आणि धावत्या गाडीवर त्याचा उपयोग नाही.

पायरी ४: रंग

रंग आवडीचा असावा, पण आधी उजेड-अंधाराचा फरक बघा. डिझाइनचा फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून पाहा. अक्षरं पार्श्वभूमीत बुडाली तर रंग कितीही सुंदर असोत, जोडी चुकली. लाल अक्षरं हिरव्यावर किंवा निळ्यावर इथेच नापास होतात: रंग वेगळे, पण उजळपणा जवळपास सारखा. त्यात लाल-हिरव्याचा फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, प्रत्येक समाजात असतात. पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद निळं, गडद हिरव्यावर पांढरं या जोड्या वर्षानुवर्षं चालत आल्यात त्याला कारण आहे.

गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा थोडं जाड दिसतं, आणि मागून उजेड असेल तर कडेने फुलतं. म्हणून रात्री पेटणाऱ्या पाटीसाठी अक्षराची रेषा थोडी बारीक आणि दोन अक्षरांतलं अंतर थोडं जास्त ठेवावं. दिवसाच्या उजेडात प्रूफ (छपाईआधीचा नमुना) पास करणाऱ्यांना हे रात्री कळतं.

उन्हाचाही हिशोब ठेवा. छापील शाईत पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. जुनी पोस्टरं निळसर दिसतात ती त्यामुळेच. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीवर लाल रंग हवाच असेल तर तो छापून घेऊ नका, रंगीत व्हिनाइल कापून लावा किंवा रंगीत अ‍ॅक्रिलिक वापरा. तिथे रंग पृष्ठभागावर नसतो, आतपर्यंत असतो.

पायरी ५: कशाची पाटी आणि कशावर टांगायची

फ्लेक्स तात्पुरत्या कामासाठी: उद्घाटन, सवलत, स्थलांतराची सूचना. कायमची ओळख फ्लेक्सवर ठेवली की काही महिन्यांत सुरकुत्या आणि फिका रंग, आणि बघणाऱ्याला व्यवसायही तात्पुरताच वाटतो. सनबोर्ड, म्हणजे हलकी प्लास्टिकची शीट, आत लावायला ठीक, बाहेरच्या उन्हात वाकतो. बाहेरच्या कायमच्या पाटीला एसीपी, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली, बहुधा ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची शीट, आणि तिच्यावर उठावाची अक्षरं, हा मधला आणि भरवशाचा मार्ग. मोठ्या दर्शनी भागाला एसीपी लावणार असाल तर आग न पकडणाऱ्या गाभ्याचीच मागा. साध्या गाभ्याचं प्लास्टिक पेटतं.

अ‍ॅक्रिलिक उन्हाने वाढतं. दोन मीटर लांबीची शीट तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांबते. तिला घट्ट स्क्रूने आवळलं तर भोकापासून तडा ठरलेलाच. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायला सांगा आणि मध्ये वॉशर घाला.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. ताशी १४४ किलोमीटरचा वादळी वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजनाएवढा जोर लावतो. तीन मीटर बाय एक मीटरच्या बोर्डावर हा जोर ३०० किलोंचा होतो. तो पेलायचा आहे भिंतीतल्या चार-सहा बोल्टांना, आणि भिंत पोकळ विटांची किंवा जुन्या प्लास्टरची असेल तर बोल्ट कितीही चांगला असून भागत नाही. फ्रेमची जाडी, बोल्टचा प्रकार आणि ते नेमके कशात बसणार आहेत, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. मोठा बोर्ड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खाली लोक उभे असणार आहेत.

दिव्यांच्या पाटीत सहसा एलईडी खराब होत नाहीत, पाणी आणि वीजपुरवठा दगा देतात. खोक्याच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं हवीत. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. एलईडीचे मॉड्यूल आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे घ्या. पॉवर सप्लाय पूर्ण क्षमतेने चालवू नका, पाव-पाचवा हिस्सा शिल्लक ठेवा आणि तो शिडी न लावता हात पोचेल अशा जागी बसवा. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर सर्किटमध्ये हवाच. खोकं फार उथळ असेल तर समोरच्या अ‍ॅक्रिलिकवर एलईडीचे ठिपके उमटतात. ते टाळायला मॉड्यूल जवळजवळ बसवावे लागतात किंवा खोली वाढवावी लागते. नमुना म्हणून एक अक्षर पेटवून दाखवायला सांगा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

परवानगीचं काम डिझाइनच्या आधी करा. स्थानिक प्रशासन, इमारतीचा मालक आणि असल्यास वीज किंवा अग्निशमन विभाग यांचे मापाचे, उंचीचे आणि प्रकाशाचे नियम जागेगणिक बदलतात. बोर्ड तयार झाल्यावर तो अर्धा फूट कापायला लागण्यासारखं दुःख नाही.

पायरी ६: गाडी

गाडीवरची जाहिरात म्हणजे चालती पाटी, असं समजून बरेच जण बोर्डाचंच डिझाइन ताणून गाडीवर बसवतात. गाडीला चार बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूचा वाचक वेगळा आहे.

मागची बाजू सगळ्यात मोलाची. सिग्नलला किंवा कोंडीत मागचा चालक चार-पाच मीटरवर, काही करायला नसताना, तुमच्या गाडीकडेच बघत असतो. फोन नंबर इथेच हवा, दोन-तीन इंची आकड्यांत, गट पाडून. सलग दहा आकड्यांपेक्षा पाच-पाचचे दोन गट पटकन लक्षात राहतात. बाजूंचं काम वेगळं. समोरून येणारी गाडी आणि तुमची गाडी यांचे वेग एकत्र होतात, त्यामुळे बाजूला फक्त नाव आणि काम, जेवढं मोठं बसेल तेवढं. पुढच्या बाजूला पुढच्या गाडीच्या आरशात दिसण्यापुरतं नाव असलं तरी पुरे. मधूनमधून कोणीतरी ते उलटं लिहायला सांगतं, रुग्णवाहिकेसारखं. साध्या व्यवसायाला त्याची गरज नाही. वर टपावर काही करायचं असेल तर उंच इमारतींतले लोक हाच त्याचा वाचक, हे लक्षात ठेवा.

गाडी धावते त्यापेक्षा जास्त वेळ उभी असते. एखाद्याच्या दारात दोन तास काम चालू असताना गाडी बाहेर उभी आहे, आणि शेजारीपाजारी ती बघताहेत: यापेक्षा चांगली जाहिरात नाही, कारण त्या घराने तुम्हाला बोलावलंय हे सगळ्यांना दिसतं. अशा उभ्या गाडीसाठी फुटपाथच्या बाजूच्या दारावर सेवांची छोटी यादी आणि क्यूआर कोड चालेल. दुसऱ्या बाजूला नको.

डिझाइन कागदावर नाही, गाडीवर करा. डिझायनरकडे प्रत्येक मॉडेलचा तयार आराखडा असतो, पण गाडीच्या आवृत्तीनुसार हँडल, पेट्रोलचं झाकण, बाजूची पट्टी, सेन्सर यांच्या जागा बदलतात. चारही बाजूंचे फोटो काढा, टेपने मापं घ्या आणि ती आराखड्यावर टाका. मग सरकतं दार उघडून बघा. व्हॅनचं दार मागे सरकलं की त्यावरचे शब्द मागच्या भागावरच्या शब्दांना झाकतात आणि उरलेल्या तुकड्यांतून नको ते वाचलं जाऊ शकतं. फोन नंबरचा एक आकडा हँडलच्या खाचेत गेला तर तो नंबर गेलाच. चाकांच्या वरच्या कमानीखाली आणि दारांच्या तळाच्या फूटभर भागात मजकूर टाकू नका, तिथे चिखल बसतो.

किती भाग झाकायचा? तीन पर्याय आहेत. नुसती कापलेली अक्षरं, अर्धवट रॅप आणि पूर्ण रॅप. रॅप म्हणजे गाडीच्या अंगावर चढवलेली व्हिनाइल फिल्म. माझा कल बहुतेक वेळा पहिल्या दोघांकडे असतो. गाडीचा मूळ रंगच पार्श्वभूमी म्हणून वापरला, दोन रंगांची मोठी अक्षरं लावली आणि मागे नंबर टाकला, तर ते छायाचित्रांनी भरलेल्या पूर्ण रॅपपेक्षा लांबून जास्त स्पष्ट वाचलं जातं. पूर्ण रॅप तेव्हा, जेव्हा अनेक रंगांच्या गाड्यांचा ताफा एकसारखा दिसायला हवा. त्यातही पाणी, फळं, हसरे चेहरे असली चित्रं अक्षरांच्या मागे घालू नका.

रात्री हेडलाइट पडल्यावर चमकायचं असेल तर ‘रेडियम’ म्हणून काहीही घेऊ नका, ‘रिफ्लेक्टिव्ह शीट’ असं स्पष्ट सांगा. आलेला उजेड आला त्याच दिशेने परत फेकण्याची सोय त्या शीटमध्येच असते, साध्या स्टिकरमध्ये नसते. मागच्या काचेवर जाहिरात हवी असेल तर भोकांची फिल्म येते, आतून बाहेरचं दिसतं. पावसात भोकांत पाणी साचून आतून बाहेरचं दिसणं कमी होतं, म्हणून तिच्यावर लॅमिनेशन करून घ्यावं. काच झाकायला नियमांची परवानगी आहे का, ते मात्र आधी तपासा. नंबर प्लेट, दिवे, रिफ्लेक्टर, कॅमेरे आणि सेन्सर कधीही झाकायचे नाहीत. पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या गाडीसारखी रंगसंगती टाळा. रॅपमुळे गाडीचा मुख्य रंगच बदलत असेल तर नोंदणीच्या कागदांवर तशी नोंद लागू शकते, आणि विमा कंपनीलाही कळवून ठेवावं.

पायरी ७: व्हिनाइल आणि ते लावणारे हात

व्हिनाइल ढोबळमानाने दोन प्रकारचं. कॅलेंडर्ड व्हिनाइल रोलरांमधून दाबून, ताणून बनतं, जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन. ताणलेली वस्तू परत आखडायला बघते, म्हणून वर्षभरात त्याच्या कडा आत सरकतात आणि चिकट काळी रेघ दिसायला लागते. कास्ट व्हिनाइल पातळ ओतून सुकवलेलं असतं, जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास, अंगात ताण नसतो, म्हणून ते वळणांवर आणि खाचांत बसतं. सपाट दार, सपाट पाटी: चांगल्या प्रतीचं कॅलेंडर्ड चालेल. बंपर, खोल खाचा, रिव्हेट, पन्हळी पत्रा: कास्टच हवं, आणि त्यावरचं लॅमिनेशनही कास्टच. खाली कास्ट आणि वर कॅलेंडर्ड लॅमिनेशन असा जोड दिला तर वरचा थर आखडताना खालच्यालाही उचलतो. बिलावर दोन्हींचे प्रकार लिहून मागा.

सॉल्व्हंट शाईची छपाई असेल तर लॅमिनेशनच्या आधी ती २४ ते ४८ तास मोकळी सुकू द्यावी लागते. घाईत गुंडाळून लॅमिनेट केलेल्या छपाईत अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं. ‘आज छापून आजच लावतो’ म्हणणाऱ्याला शाई कुठली ते विचारा. लॅटेक्स किंवा यूव्ही शाईला हे थांबणं लागत नाही.

लावण्याच्या दिवशी गाडी धुतलेली आणि पूर्ण कोरडी हवी. पॉलिश किंवा वॅक्स केलेलं नको. साबणाने धुतल्यावरही दाराच्या कडांना, झाकणाच्या आत, रबराच्या खाली तेलकट थर राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. नुकतंच रंगकाम झालं असेल तर रंग पूर्ण पिकेपर्यंत थांबा, नाहीतर त्यातून निघणारी वाफ व्हिनाइलखाली फुगे करते. जागा सावलीची, वारा-धूळ नसलेली, आणि तापमान वीस-पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर उत्तम.

चांगला कारागीर ओळखायचा असेल तर त्याला खोल खाचेवर काम करताना बघा. कच्चा माणूस खाचेवरून फिल्म ताणून घेतो आणि नखाने आत ढकलतो. त्या दिवशी ती बसलेली दिसते, पण पहिल्या कडक उन्हात तळातून सुटून वर ताणली जाते आणि खाचेवर ढोलासारखी पोकळ वाजते. जाणता माणूस आधी खाचेच्या तळाशी फिल्म टेकवतो, तिथून बाहेर कडेकडे पट्टी फिरवत येतो, पट्टीला फेल्ट लावलेलं असतं म्हणजे ओरखडे पडत नाहीत, आणि शेवटी हीट गनने तो भाग पुन्हा तापवतो. हा शेवटचा ताप साधारण ९० ते १०० अंशांचा असतो. नेमका आकडा फिल्मच्या पत्रकात असतो आणि तो हाताने अंदाजायचा नसतो, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचा असतो. त्यामुळे फिल्म आपला जुना सपाट आकार विसरते. कारागिराकडे तो थर्मामीटर आहे का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

पायरी ८: छपाईआधीचं वाचन

प्रूफ मोबाइलवर मंजूर करू नका. मोठ्या स्क्रीनवर किंवा कागदावर घ्या आणि पुढच्या गोष्टी तपासा:

- फोन नंबर प्रूफवरूनच डायल करा. आठवणीतून नाही.
- लोगो वेक्टर फाइलमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा न फाटणाऱ्या फाइलमध्ये आहे ना. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं चित्र मोठं केलं की कडा फाटतात. छायाचित्र असेल तर खऱ्या मापात ते किमान १०० डीपीआयच्या (दर इंचाला १०० ठिपक्यांच्या) आसपास हवं.
- व्यवसायाचा ठरलेला रंग स्क्रीनवरून नाही, त्याच मशिनवर, त्याच व्हिनाइलवर छापलेल्या तुकड्यावरून पास करा.
- गाडीसाठी चारही कडांना पाच-सात सेंटिमीटर जादा छपाई सोडली आहे ना.

मराठी मजकुराला एक वेगळी तपासणी लागते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये किंवा उलट मजकूर नेताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येऊन पडते, ‘ऱ्य’ फुटतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडून दिसतात. ‘दुरुस्ती’, ‘विक्री’, ‘कार्यालय’, ‘सर्व्हिस’ यांसारखे शब्द मुद्दाम अक्षर-अक्षर करून वाचा. एकदा अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांमध्ये, रूपांतर झालं की टाइप करून दुरुस्त करता येत नाही, सगळं नव्याने करावं लागतं. म्हणून हे वाचन त्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा करा.

पायरी ९: फरक पडला का?

पाटीसाठी आणि गाडीसाठी वेगवेगळा फोन नंबर घेतला, दोन्ही एकाच फोनवर वळवले, की कुठल्या नंबरवर किती फोन आले ते आपोआप कळतं. तेवढं करायचं नसेल तर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारा आणि उत्तर वहीत लिहा. पाटी बदलण्याआधी निदान महिनाभर ही नोंद सुरू करा, नाहीतर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? गाडीच्या बाबतीत नंबर वाचून तक्रारीचेही फोन येतात. चालकाला हे आधीच सांगून ठेवा: रस्त्यावरचं त्याचं वागणं आता नावानिशी दिसणार आहे.

देखभाल आणि काढणं

पाटी वर्षातून दोनदा तरी मऊ कापडाने आणि सौम्य साबणाने धुवा, त्याच वेळी बोल्ट, गंज आणि वायरी तपासा. एक अक्षर विझलेली पाटी लोकांना पटकन दिसते, मालकाला सगळ्यात उशिरा, कारण तो रात्री आत असतो. आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर समोर जाऊन बघायची सवय लावा.

रॅप केलेली गाडी पहिला आठवडा धुऊ नका. नंतर हाताने धुणं सगळ्यात चांगलं. प्रेशर वॉशर वापरायचाच तर फवारा फूटभर तरी लांब धरा आणि कडांवर तिरका मारू नका, पाणी फिल्मखाली शिरतं. पेट्रोल सांडलं किंवा पक्ष्यांची घाण पडली तर लगेच पुसा.

आणि रॅप वेळेवर काढा. कडा उचलल्या, पृष्ठभागावर बारीक भेगा दिसायला लागल्या, की ती फिल्म आणखी एक उन्हाळा ठेवू नका. ठिसूळ झालेलं व्हिनाइल नखाएवढ्या तुकड्यांत निघतं आणि गोंद सगळा रंगावर राहतो. वेळेत काढलेलं व्हिनाइल हलकं गरम करून, पृष्ठभागाला लगटून मागे खेचत गेलं तर लांब पट्ट्यांत निघून येतं. खालचा रंग तेवढा काळ उन्हापासून झाकलेला असतो, त्यामुळे आजूबाजूच्या फिक्या भागावर जुनी अक्षरं पुसटशी उमटलेली दिसू शकतात. गाडी विकायची असेल तर काढण्याचं काम गिऱ्हाईक बघायला येण्याच्या बरंच आधी करा, म्हणजे पॉलिशने ती अक्षरं घालवायला वेळ मिळतो.